लंडनचे स्थळ आणि व्हिसाची चौकशी

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतल्या वधू-वर जाहिराती मी इथे लंडनमध्ये ऑनलाइन वाचते. ‘यूकेत आयटीत नोकरी, स्वतःचे घर’ असे स्थळ आले की मुलीकडचे पगार विचारतात, पत्रिका जुळवतात. मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

पश्चिम लंडनमध्ये ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था आहे. एप्रिल १९७९ मध्ये साउथॉलला नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्ध निदर्शने झाली, त्यात ब्लेअर पीच या शिक्षकाचा बळी गेला. त्याच वर्षी आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांनी ही संस्था उभी केली. रंगभेदाशी त्यांची लढाई होतीच, पण नवऱ्याच्या मारहाणीबद्दलही त्या बोलू लागल्या, तेव्हा आपल्याच समाजातून ओरड झाली: घरातले चव्हाट्यावर मांडलेत तर वर्णद्वेष्ट्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल. त्यांनी ऐकले नाही, हे बरेच झाले. दहा वर्षे छळ सोसून १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवणाऱ्या किरणजीत अहलुवालियाला खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. संस्थेने तिच्यासाठी मोहीम चालवली, अपिलात ती शिक्षा रद्द झाली आणि १९९२ मध्ये ती सुटली.

२००८ मध्ये ईलिंग कौन्सिलने (साउथॉल ज्या भागात येते तिथली स्थानिक पालिका) या संस्थेचे अनुदान काढून घ्यायचे ठरवले. कारण काय, तर सेवा सर्व स्त्रियांसाठी एकच हवी! इंग्रजी धड न येणाऱ्या, सासरच्या माणसांखेरीज या देशात कोणीच ओळखीचे नसलेल्या बाईला वाऱ्यावर सोडायचे आणि त्याला समानता म्हणायचे. संस्था हायकोर्टात गेली आणि कौन्सिलला माघार घ्यावी लागली.

आता आपल्या मुलींविषयी. त्यांच्या व्हिसावर बहुधा ‘सरकारी मदत नाही’ अशी अट असते. निवारागृहाचे भाडे मुख्यतः सरकारी घरभाडे-भत्त्यातून जाते, त्यामुळे मार खाऊन बाहेर पडलेल्या मुलीला तिथेही जागा मिळणे कठीण. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल, तर २०१२ पासून तिला तीन महिने सरकारी मदत मिळते आणि तेवढ्यात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. आयटीवाल्याची किंवा विद्यार्थ्याची बायको म्हणून आलेलीला ही तीन महिन्यांची सवलत थेट २०२४ मध्ये मिळाली, आणि कायमच्या वास्तव्याचा मार्ग तिला अजूनही नाही. शिवाय सवलत घेतली की आधीचा व्हिसा जातो. म्हणून सवलतीच्या अर्जाआधी वकिलाचा सल्ला घ्यावा लागतो, हे रडत बाहेर पडलेल्या मुलीला कोण सांगणार? पुण्याहून फोनवर आई सांगते, ‘सांभाळून घे.’

इथल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत जेवणाच्या कूपनांशेजारी चार ओळी या माहितीलाही द्याव्यात. आपणही वधू-वर पानावर एक चौकट छापावी, ही विनंती. इंग्लंडमधली घरगुती हिंसाचाराची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे आणि चोवीस तास चालते: ०८०८ २००० २४७.

आपली,
एक वाचक, हॅरो (लंडन)