मेट्रोच्या नकाशावर चालण्याची मिनिटेही हवीत
राजधानीत आलेला पाहुणा मेट्रोचा नकाशा हाती घेतो आणि त्यालाच शहराचा नकाशा समजतो. पण त्यातली अंतरे खरी नसतात. लंडनमध्ये १९३३ साली हॅरी बेक यांचा नकाशा आला, तेव्हापासून स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याच्या जागा तेवढ्या दाखवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणूनच लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे जेमतेम २६० मीटरही नवखे लोक भुयारात उतरून गाडीने जातात. शहर तर वर रस्त्यावर असते! जवळची स्थळे चालत किती मिनिटांवर आहेत, हे प्रत्येक स्थानकात ठळकपणे लिहावे. सुट्टीचे वारही तिथेच द्यावेत; पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तर ओर्से संग्रहालय सोमवारी. दूरवरून आलेल्या माणसाची हकनाक पायपीट वाचेल.
– एक प्रवासी वाचक