आढावा कोणत्या सालचा?

संपादक महोदय,

बाळंतपणातल्या उपचारांच्या पुराव्यांवरचा तुमचा रविवारचा लेख आवडला, पण एकदा आढावा (म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष) निघाला की विषय संपला असा जो सूर त्यात आहे तो काही पटला नाही. असे आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा मूळ लोगोच बघा ना, त्यातल्या सात आडव्या रेघा म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाआधी आईला स्टेरॉइड देण्याच्या सात ट्रायल, पहिली न्यूझीलंडची, १९७२ साली छापलेली, आणि सगळ्या एकत्र केल्यावर बाळं वाचतात हे स्पष्ट दिसलं. संपलं? छे! २०१५ मध्ये सहा देशांतल्या मोठ्या ट्रायलमध्ये नवजात मृत्यू उलट थोडे वाढलेले निघाले, मग २०२० मध्ये भारतासह पाच देशांत पुन्हा तपासलं तेव्हा फायदा दिसला, पण तिथे सोनोग्राफीने दिवस नीट मोजलेले होते आणि हॉस्पिटलंही बरी होती. हा 'पण' जुन्या आढाव्यात कुठून येणार? म्हणूनच कॉक्रेनच्या आढाव्यावर वाचकाने, नर्सने, अगदी बाळंतिणीनेसुद्धा शंका कळवायची आणि लेखकांनी तिला उत्तर द्यायचं, ही सोय मला तरी त्यातल्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते. पुढच्या वेळी दाखला देताना आढावा शेवटचा कधी अपडेट झाला तेवढं साल छापाल का?

– एक नियमित वाचक