आधी फलक पुसा, मग पावती फाडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्त्याचे काम चालू असलेल्या पट्ट्यात बेदरकार गाड्या हाकणाऱ्यांवर कारवाईची बातमी कालच्या अंकात वाचली. कारवाई झालीच पाहिजे. पण बातमीतले 'कामाच्या पट्ट्यात दंड दुप्पट' हे कुठून आणलेत? मोटार वाहन कायद्यात अशा पट्ट्यासाठी वेगळा दंडच नाही. अतिवेगाला कलम १८३, त्यात कारला एक ते दोन हजार, जड वाहनाला दोन ते चार हजार. उलट्या बाजूने गाडी घातली तर कलम १८४, म्हणजे पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. रस्ता गुळगुळीत असो की खोदलेला, दर तोच. दुप्पट दंड अमेरिकेतल्या काही राज्यांत आहे, आमच्या तालुक्यात अजून पोहोचलेला नाही.

आता लोक उलट्या बाजूने का घुसतात तेही छापा. सिमेंट रस्त्याची एक बाजू टाकून झाली, दुसरी खोदलेली, आणि डायव्हर्शनचा फलक वळणाच्या अगदी तोंडाशी! ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. फलक दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ४० मीटरच्या वर गाडी गेलेली असते. ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. कापसाने भरलेली ट्रॉली मागे असेल तर विचारूच नका. फलकावर मुरमाची धूळ बसली की चमकणारी पट्टी रात्री आंधळी. ओल्या फडक्याने पुसली की लगेच उजळते, पण फडके मारायचे कोणी? पुढे अडथळा म्हणून चुना फासलेले दगड. चुना दिवसा पांढरा दिसतो, हेडलाइटच्या उजेडात पट्टीसारखा चमकत नाही. आणि टाकलेल्या स्लॅबच्या कडेला जोडाच्या सळया फूटभर बाहेर, मोटारसायकलवाल्याच्या पोटरीच्या उंचीला, टोकांवर साधी चिंधीसुद्धा नाही.

हे सगळे टाळायचे कसे, ते रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-५५ या मार्गदर्शक पुस्तिकेत लिहून ठेवले आहे. आधी बऱ्याच अंतरावर सूचना, मग हळूहळू अरुंद होत जाणारी वाट, मग कामाची जागा आणि शेवटी काम संपल्याची खूण. आमच्याकडे शेवटची खूण कधीच नसते. काम उरकून महिने झाले तरी वेगमर्यादेचा '२०'चा फलक उभाच, म्हणून खऱ्या फलकालाही कोणी जुमानत नाही.

कंत्राटदारासाठी कायद्यात काहीच नाही असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आले, रस्ता बांधताना किंवा राखताना सुरक्षेचे निकष पाळले नाहीत तर दंड एक लाखापर्यंत. फक्त त्यासाठी आधी कोणाचा तरी जीव जावा लागतो किंवा कोणाला अपंगत्व यावे लागते. चालकाची पावती मात्र कोणी न मरताही फाटते, तेवढी तत्परता आहे. कारवाई करणाऱ्या पथकाने पावतीबरोबर शंभर मीटरवरून त्याच फलकाचा रात्रीचा फोटो काढून ठेवावा. दिसला तर दंड घ्या, नाही दिसला तर रस्त्याच्या यंत्रणेला नोटीस द्या.

दगड बाजूला सारून ओल्या स्लॅबवर मोटारसायकल घालणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. गोणपाट पसरून पाणी मारणे चालू आहे, काँक्रीटला अठ्ठावीस दिवस झालेले नाहीत, आणि यांना पाच मिनिटे वाचवायची असतात. त्यांना खुशाल पकडा.

जाता जाता, पाण्याचा टँकर फक्त साहेबांचा दौरा असला की का फिरतो? एरवी सगळी धूळ कडेच्या शेतात जाते. फुटलेली बोंडे लाल झाली आहेत आणि व्यापारी तोच कापूस हातात धरून भाव पाडतो. हे कोणत्या कलमात बसते, तेही विचारा कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यांना.

आपला,
एक वाचक, जि. यवतमाळ