बँकॉकमधली विमानतळ ट्रान्सफर सेवा न मिळाल्याबद्दल व ‘प्रवासी गैरहजर’ असा खोटा शेरा मारल्याबद्दल तक्रार

दिनांक : 5 जानेवारी 2026
नाशिक

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मुंबई कार्यालय

विषय : 23 नोव्हेंबर 2025 (सुवर्णभूमी विमानतळ ते सुखुमवित भागातलं हॉटेल) आणि 28 नोव्हेंबर 2025 (परतीचा प्रवास) या दोन्ही बुकिंगचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या ॲपवर भाषांच्या यादीत मराठी आहे, म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहे. याआधीची 1 डिसेंबरची ईमेल इंग्रजीत होती. तिला जी उत्तरं आली, ती वाचून ती ईमेल कुणी शेवटपर्यंत वाचली असेल असं वाटत नाही.

तुमच्या ॲपवरून आम्ही सहा जणांसाठी विमानतळ ते हॉटेल आणि परत अशी व्हॅन बुक केली होती. 23 तारखेच्या रात्री ती आलीच नाही, आणि वर आम्हालाच ‘गैरहजर’ ठरवलं गेलं. सुरुवात तुम्हीच पाठवलेल्या पुराव्यापासून करतो. ‘ड्रायव्हर वेळेवर हजर होता, प्रवासी आले नाहीत’ हे दाखवण्यासाठी तुमच्या सपोर्ट टीमने मला एक फोटो पाठवला आहे. निळा शर्ट घातलेला एक माणूस हातात टॅब धरून उभा आहे. टॅबवर माझं आडनाव आहे, स्पेलिंगही बरोबर आहे. फोटोवर वेळ आहे रात्री 1 वाजून 2 मिनिटं. इथपर्यंत सगळं ठीक. आता त्या माणसाच्या डाव्या खांद्यामागे बघा. तिथे बसचा एक फलक दिसतो, त्यावर ‘ए1’ आणि ‘मो चित’ असं लिहिलेलं आहे. फोटो मोठा केला की सहज वाचता येतं. ए1 ही बस डॉन मुआंग विमानतळावरून सुटते. सुवर्णभूमीवर ती येतच नाही.

म्हणजे ड्रायव्हर खरंच वेळेवर हजर होता आणि माझ्या नावाची पाटी घेऊन इमानेइतबारे उभाही होता. फक्त तो दुसऱ्या विमानतळावर होता, आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर लांब.

आमचं विमान सुवर्णभूमीवर उतरलं. ठरलेली वेळ रात्री 12:25 ची होती, ते 12:19 लाच टेकलं. तुमच्या व्हाउचरवर छापलेलं आहे : ‘सुवर्णभूमी (बीकेके), दुसरा मजला, गेट क्रमांक 3 जवळचा मीटिंग पॉइंट, विमान उतरल्यापासून 60 मिनिटं विनाशुल्क प्रतीक्षा’. आईच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर घेतली होती, त्यामुळे इमिग्रेशनची रांग लवकर सुटली आणि 1:05 ला आम्ही सहाही जण बॅगांसह गेट 3 पाशी होतो. प्रतीक्षेची मुदत 1:19 पर्यंत होती. वेळेच्या हिशेबात आमच्याकडून कुठेही कसूर नाही.

ज्यांनी ते गेट पाहिलंय त्यांना माहीत असेल की त्या वेळीसुद्धा तिथे पाट्या घेऊन उभ्या असलेल्यांची ही गर्दी असते. कागदावर, पुठ्ठ्यावर, टॅबवर, चिनी, रशियन, अरबी, सगळ्या लिप्यांत नावं. आई व्हीलचेअरमध्ये बसून एकेक पाटी वाचत होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, “अरे, आपलं नाव कुठंय?” व्हीलचेअर ढकलणारा मुलगा सभ्य होता, बराच वेळ थांबला, पण त्याला पुढच्या विमानाला जायचं होतं. शेवटी त्याने हात जोडले, आईला उतरवून घेतलं आणि खुर्ची घेऊन गेला. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई सामानाच्या ट्रॉलीच्या कडेवर टेकून बसली होती.

मी 1:08 पासून तुमच्या आपत्कालीन नंबरवर फोन करत होतो. रिंग जायची आणि रेकॉर्ड केलेला आवाज चॅट वापरायला सांगायचा. चॅटवर उत्तर आलं की ‘आपला ड्रायव्हर मीटिंग पॉइंटवर आपली वाट पाहत आहे’. मी गेट 3 चा फलक मागे येईल असा सगळ्यांचा फोटो काढून त्याच चॅटवर टाकला. त्यावरही तेच उत्तर, शब्दही तेच. ड्रायव्हरचा नंबर मागितला, तर म्हणे सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. 1:31 ला ॲपवर बुकिंगची स्थिती बदलली : ‘प्रवासी गैरहजर. सेवा पूर्ण.’ पोपटासारखं एकच वाक्य म्हणणाऱ्या त्या चॅटमागे माणूस होता की यंत्र, हे अजून मला कळलेलं नाही. माणूस असेल तर फोटोतला फलक वाचायला त्याला दोन सेकंद पुरले असते.

शहरात जाणारी एअरपोर्ट रेल लिंक मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्यामुळे तो मार्ग नव्हता. आम्ही पहिल्या मजल्यावर उतरलो, यंत्रातून टॅक्सीच्या चिठ्ठ्या घेतल्या. सहा माणसं आणि एवढं सामान एका टॅक्सीत मावत नाही, म्हणून दोन टॅक्स्या कराव्या लागल्या. एकीत मी, आई आणि मुलगा. दुसरीत बायको, सासूबाई आणि मुलगी. थायलंडचं सिम फक्त माझ्या फोनमध्ये होतं. विमानतळाचं वायफाय सुटल्यावर बायकोशी संपर्क तुटला तो थेट हॉटेलच्या दारात गाठ पडेपर्यंत. दोन्ही टॅक्सीवाले मीटरने आले, विमानतळाचा 50 बातचा अधिभार आणि टोल सोडून एक पैसा जास्त घेतला नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण परक्या शहरात रात्री दोन वाजता, थाई न येणारी बायको, साठी उलटलेल्या सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी एका गाडीत बसवून ती गाडी नजरेआड होताना काय वाटतं, हे तुमच्या ‘सेवा पूर्ण’ या शेऱ्यात कुठे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या दोन टॅक्स्यांचं भाडं टोलसकट मिळून 820 बात झालं, म्हणजे तुमच्या व्हॅनच्या 3,800 रुपयांपेक्षा बरंच कमी. बँकॉकची टॅक्सी स्वस्त आहे हे मला निघण्यापूर्वीही ठाऊक होतं. तरी जास्तीचे पैसे मोजले ते गाडीसाठी नव्हे. सगळे एका गाडीत असावेत, समोर आपल्या नावाची पाटी दिसावी, आईला रात्री तिष्ठत बसावं लागू नये, यासाठी मोजले. तुम्ही विकता ते हेच. जाहिरातीतही व्हॅनच्या आधी हसऱ्या म्हातारा-म्हातारीचा आणि पाटीवाल्याचा फोटो आहे.

आता तुमच्या उत्तरांकडे येतो. पहिलं उत्तर : प्रवासी आले नाहीत. मी कॉलची यादी आणि गेट 3 वरचा फोटो पाठवला. मग दुसरं उत्तर : विमानाला उशीर झाल्याने प्रतीक्षेची वेळ संपली. विमान सहा मिनिटं आधी उतरलं होतं. बुकिंग करताना तुम्ही फ्लाइट नंबर सक्तीने भरून घेता, तो टाकला तर कुणालाही दिसेल. मी तेही पाठवलं. मग तिसरं उत्तर, आणि ते वाचून मात्र डोकं सटकलं : ‘बँकॉकमध्ये दोन विमानतळ आहेत. बुकिंग करताना आपण योग्य विमानतळ निवडला नसावा.’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझं व्हाउचर तुम्हीच बनवलेलं आहे आणि त्यावर सुवर्णभूमी आहे, बीकेके आहे, मजला आहे, गेट आहे. बीकेके हा कोड पूर्वी डॉन मुआंगचा होता हे खरं. पण सप्टेंबर 2006 मध्ये सुवर्णभूमी सुरू झाला तेव्हा तो इकडे आला आणि डॉन मुआंगला डीएमके मिळाला. बँकॉकमध्ये रोज गाड्या पाठवणाऱ्या कंपनीला हे मी नाशिकहून समजावून सांगावं का? बुकिंग तुमच्याकडून स्थानिक गाडीवाल्याकडे जाताना कुठेतरी नुसतं ‘बँकॉक विमानतळ’ असं गेलं असणार, हा माझा अंदाज. 2012 पासून स्वस्तातल्या बऱ्याच विमान कंपन्या डॉन मुआंगवरून उडतात, त्यामुळे तिकडे जायची सवय असलेल्या माणसाने तेच धरलं असेल. चूक कशी झाली हे शोधणं तुमचं काम आहे. ती माझ्या गळ्यात घालू नका.

त्या ड्रायव्हरबद्दलही लिहिणं भाग आहे. त्याला जिथे पाठवलं तिथे तो गेला आणि मध्यरात्री तासभर पाटी धरून उभा राहिला. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध अजिबात नाही. या प्रकरणात त्याच्या पैशांना कात्री लावली असेल तर ते त्याला देऊन टाका.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी मुकाट्याने सोडूनही दिलं असतं. पण 28 तारखेला, शुक्रवारी, आमचं परतीचं विमान रात्री 9:10 चं होतं आणि तुमची गाडी दुपारी 4:30 ला हॉटेलवर यायची होती. शुक्रवारी संध्याकाळी असोकच्या चौकात गाड्या कशा अडकतात हे आठवडाभर खिडकीतून बघितलेलं होतं, म्हणून सकाळीच खात्री करून घ्यावी म्हटलं. ॲप उघडलं तर परतीचं बुकिंग गायब. चॅटवर कळलं की जाण्याच्या प्रवासाला ‘गैरहजर’ शेरा पडला की परतीचा प्रवास आपोआप रद्द होतो आणि पैसे मिळत नाहीत. मेसेज नाही, ईमेल नाही, काही नाही. सकाळी बघितलं नसतं तर साडेचारला आम्ही बॅगा घेऊन लॉबीत बसलो असतो.

मेट्रोने फेचाबुरी स्टेशनला जाऊन तिथून पुलावरून मक्कासान स्टेशन गाठायचं आणि विमानतळाची रेल लिंक पकडायची, हा पर्याय मला एकट्याला चालला असता. आईला घेऊन ते शक्य नव्हतं. शेवटी हॉटेलची व्हॅन केली, 1,600 बात, माझ्या कार्डावर 4,432 रुपये. आयत्या वेळी मिळाली हेच नशीब.

हा आपोआप रद्द करण्याचा नियम मी नंतर तुमच्या अटींमध्ये शोधला. तो आहे, पण बुकिंगच्या पानावर नाही. ‘अधिक माहिती’वर टिचकी मारून, तिथून दुसऱ्या पानावर गेल्यावर अगदी खाली आहे. ज्या ‘गैरहजेरी’वर तो लागतो ती ठरवणार तुम्ही, तिचा पुरावा तपासणार तुम्ही, आणि पैसेही राहणार तुमच्याकडेच. ग्राहकाला एक फोन करून ‘तुम्ही कुठे आहात’ असं विचारायची तसदी कुठेच नाही. माझा नंबर तुमच्याकडे होता. ऑफरचे मेसेज त्याच नंबरवर आजही न चुकता येतात.

माझी मागणी साधी आहे. दोन्ही प्रवासांचे मिळून भरलेले 7,600 रुपये परत करा. परतीच्या गाडीसाठी जास्तीचे गेलेले 632 रुपये द्या. 23 तारखेच्या टॅक्सीचं भाडं मी मागत नाही, कारण ते तुमच्या रकमेपेक्षा कमीच होतं. माझ्या खात्यावरचा ‘गैरहजर’ शेरा काढा आणि चूक तुमच्या बाजूने झाली हे लेखी कळवा. 2 डिसेंबरला देऊ केलेलं 500 रुपयांचं कूपन मला नको आहे. पुढच्या बुकिंगवरच वापरता येणारं कूपन म्हणजे पुन्हा तुमच्याच दारात या, असं म्हणण्यासारखं आहे.

ई-कॉमर्सबाबतच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं असतं. माझ्या 1 डिसेंबरच्या ईमेलला महिना उलटून गेला. तुमची मुख्य कंपनी परदेशात नोंदलेली आहे, असं चॅटवर दोनदा ऐकवण्यात आलं. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हे नियम लागू आहेत. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मी राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात मला दाद मागता येते, म्हणजे मुंबईची खेपसुद्धा पडत नाही. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही नाही.

20 जानेवारीपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर नाशिक जिल्हा आयोगात अर्ज करेन. मानसिक त्रासाची भरपाई आज मागितलेली नाही. तिथे जावं लागलं तर मागेन, आणि आई स्वतः साक्ष द्यायला येईल. ती तर कधीची तयार आहे.

या पत्रासोबत व्हाउचर, 23 तारखेची कॉलची यादी, गेट 3 वरचा फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट, टॅक्सीच्या दोन्ही चिठ्ठ्या, हॉटेलच्या गाडीची पावती आणि तुम्हीच पाठवलेला ड्रायव्हरचा फोटो, त्यातल्या ए1 च्या फलकाभोवती लाल वर्तुळ काढून, जोडला आहे.

आपला,
(सही)
बुकिंग ज्यांच्या नावे आहे ते ग्राहक
नाशिक