ओठावरच्या त्या पुळीबद्दल

प्रिय मनू,

ताईचं बाळ बघायला शनिवारी जाऊ की नको, असं तू विचारलंस. उत्तर आधी सांगतो: नको. खपली आपोआप पडू दे, खालची कातडी नीट येऊ दे, मग जा. बाळ अजून महिन्याचंही झालेलं नाही. आपला ओठ आठवडाभर ठणकवून शांत होणारा हा हर्पीसचा विषाणू इतक्या तान्ह्या जिवाच्या यकृतात, मेंदूत पोचला तर जिवावर बेततं. ताईला खरं कारण सांग, "काम निघालं" वगैरे नको. ती रागावणार तर नाहीच, उलट हायसं वाटेल तिला. आणि एक, तान्ह्या बाळाच्या तोंडाची पापी घ्यायची नाही हा नियम फक्त तुझ्यासाठी नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक आत्या-मावशीला, काका-मामाला तो लागू आहे. ओठ अगदी स्वच्छ दिसत असतानाही हा विषाणू अधूनमधून लाळेत उतरतो.

आता तुझा दुसरा प्रश्न, "मला हे कुणामुळे झालं?" डॉक्टरांनी हर्पीस हा शब्द उच्चारला आणि तू थेट त्या मुलावर संशय घेऊन मोकळी झालीस. जरा थांब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी माणसांच्या अंगात हा एक नंबरचा हर्पीस विषाणू आहे, म्हणजे शंभरातल्या चौसष्ट जणांच्या. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, घरातल्याच कुणाच्या तरी पापीतून, आणि बऱ्याच जणांना त्या वेळी काहीच होत नाही. पहिली पुळी कित्येक वर्षांनीही उठू शकते. माझ्या ओठावर ती कॉलेजात असल्यापासून येते आहे, आजीच्याही यायची. तेव्हा शोधच घ्यायचा तर घरापासून सुरुवात कर. माझं मत विचारशील तर शोध घेऊच नकोस, त्यातून हाती काही लागत नाही.

तो राहतो कुठे, हे मात्र समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवणाऱ्या नसेच्या मुळाशी, कवटीच्या आत, मज्जापेशींचा एक लहानसा गठ्ठा असतो. पहिल्या संसर्गानंतर विषाणू नसेतून वर चढून तिथे जातो आणि झोपून राहतो. जागा झाला की त्याच नसेने खाली येतो, म्हणून पुळीही बहुधा ठरलेल्या जागीच उठते. माझी खालच्या ओठाच्या डाव्या कडेला, जिथे ओठ संपून कातडी सुरू होते तिथे. झोपलेल्या विषाणूवर कुठलंच औषध चालत नाही, त्यामुळे कायमचं बरं करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नकोस.

औषध चालतं ते तो स्वतःच्या प्रती काढत असताना. तुला रसायनशास्त्र आवडतं म्हणून थोडं लांबण लावतो. असायक्लोव्हिर हा डीएनएच्या एका घटकासारखा दिसणारा तोतया रेणू आहे. आपल्या निरोगी पेशीत तो जवळजवळ निष्क्रियच असतो. त्याला कामाला लावणारं पहिलं विकर (एन्झाइम) विषाणू स्वतःच बनवतो! मग प्रत काढताना विषाणू खऱ्या घटकाच्या जागी हा तोतया जोडतो आणि साखळी तिथेच तुटते. चोरानेच आपल्या हाताने बेडी घालून घ्यावी, तसं. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यांनी पीएच.डी. कधीच पुरी केली नव्हती, हे तुझ्या आईला आवर्जून सांगायला आवडतं.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. पुळी दिसायच्या आधी, काही तास ते एखादा दिवस, त्या जागी मुंग्या येतात, चुरचुरतं, खाज येते. मला ओठाला केस चिकटल्यासारखं वाटतं, आरशात बघावं तर काहीच नसतं. त्याच घटकेला गोळी घ्यायची. पाणी भरलेल्या बारीक पुळ्यांचा घोस दिसू लागेपर्यंत विषाणूचं बरंचसं काम उरकलेलं असतं. मला डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर दिलंय, शरीरात गेल्यावर त्याचं असायक्लोव्हिरच होतं; २ ग्रॅम आणि बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम, एवढ्यावर कोर्स संपतो. तुझा डोस तुझे डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाचा त्रास असला तर तो बदलतो, म्हणून माझ्या पाकिटातल्या गोळ्या मागू नकोस. याने सरासरी एखादा दिवस वाचतो. तू म्हणशील, एवढंच? पण तोंडावर खपली घेऊन मुलाखतीला जाणाऱ्याला त्या एका दिवसाची किंमत विचार. असायक्लोव्हिरचं क्रीम दिवसातून पाचदा लावावं लागतं आणि त्याचा उपयोग गोळीहून कमी. लावलंस तर आधी आणि नंतरही हात धू.

टूथपेस्ट, लिंबू, स्पिरिट यातलं काही लावू नकोस, कातडी भाजते आणि बरं व्हायला उलट जास्त दिवस लागतात. कपाटातलं जुनं खाजेचं मलम तर मुळीच नको. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं आणि नुसतं ते लावलं की विषाणूचं फावतं. ठणका लागला तर रुमालात गुंडाळलेला बर्फ, खपली तडकायला लागली की पेट्रोलियम जेली. आठ-दहा दिवसांत निघून जातं. मी त्या दिवसांत दाढी करत नाही, ब्लेडने पुळी शेजारच्या कातडीवर पसरते. ऑफिसात लोकांना वाटतं मी दाढी वाढवतोय.

त्याला उठवतं काय, हे प्रत्येकाचं वेगळं. ताप, जागरणं, मनावरचा ताण, पाळी, दाताच्या डॉक्टरांकडे बराच वेळ ताणलेला ओठ, आणि ऊन. ऊन लोक विसरतात. उघड्यावर दिवसभर राहिलं की दोन-तीन दिवसांत माझी पुळी हजर. ओठाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला लिप बाम लावायला लागल्यापासून फरक पडलाय. ताण टाळता येत नाही, ऊन अडवता येतं. पुळी उठली की तारीख आणि आधीच्या दिवसांत काय झालं ते डायरीत लिही. वर्षाला सहा किंवा जास्त वेळा व्हायला लागलं तर रोज एक छोटा डोस घ्यायची पद्धत आहे, डॉक्टरांना विचार.

डोळ्यांचं मात्र लक्षात ठेव. पुळीला लावलेला हात डोळ्यातल्या कॉन्टॅक्ट लेन्सला लावू नकोस, आणि लेन्स थुंकीने ओली करायची तुझी सवय आजपासून बंद. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बुबुळाला झालेला हा संसर्ग दृष्टी घालवू शकतो. दोन आठवड्यांत पुळी बरी झाली नाही तरीही दाखव. तोंडाच्या आत येतात ते पांढरट फोड, म्हणजे तोंड येतं ते, वेगळं, ते एकापासून दुसऱ्याला होत नाही. नागीणही वेगळी, तिचा विषाणू कांजिण्यांचा.

पुढचं आईने लिहावं की मी, यावर आमचं बरंच झालं आणि शेवटी माझ्यावर आलं. मुंग्या आल्यापासून कातडी पूर्ण बरी होईपर्यंत चुंबन नाही. तोंडाचा संबंध जिथे जिथे येतो तिथे हा विषाणू जाऊ शकतो, खाली जननेंद्रियांवरही, तेव्हा त्या दिवसांत तेही नाही. ज्याच्याशी नातं पुढे न्यायचंय त्याला हे सांग, शांतपणे, दोन वाक्यांत, माफी मागितल्याच्या सुरात नको. तोही त्या चौसष्टांतला असायचीच शक्यता जास्त.

गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून आधीच मागून घे आणि गोळ्या आणून दोन जागी ठेव, काही बॅगेत, काही खोलीवर. मुंग्या बहुधा रात्री अकराला येतात, तेव्हा दुकानं बंद असतात.

तुझा,
बाबा