गणपतीच्या आधी ही एक वर्गणी

मंडळी, पावती पुस्तक बघून दचकू नका, गणपतीला अजून वेळ आहे. ही वर्गणी पेठेतल्या कुत्र्यांसाठी आहे, आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा वस्तू आणि माणसं जास्त पाहिजेत.

झालं असं की मागच्या आठवड्यात तालमीच्या पायरीशी कुणीतरी एक लॅब्रॅडोर कुत्रं बांधून गेलं, गळ्यात चांगला पट्टा म्हणजे घरातलंच, आणि अंगभर गॅरेजमधलं जळकं ऑइल फासलेलं. लुतीवर ऑइल लावा हा सल्ला कुणी सुरू केला देव जाणे, कुत्रं ते चाटतं, पोटात विष जातं, वरून कातडी भाजते ती वेगळीच. भांड्याच्या लिक्विडने तीन आंघोळी घातल्या तेव्हा कुठे मूळचा रंग दिसला. कानाच्या कडेला पांढरट खपल्या, आणि ती कड दोन बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागायचा. डॉक्टर म्हणाले असं झालं तर लुतीचा संशय घ्यायचा, पण कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायची आणि मगच औषध. ही लूत माणसालाही लागते, आमच्या दोघा पोरांच्या हातावर पुरळ आलंच.

पण प्रत्येक टक्कल म्हणजे लूत नाही हो. पिल्लाच्या डोळ्याभोवतीचे केस गेलेत आणि खाज फारशी नाही, तर बहुतेक डेमोडेक्स, म्हणजे केसांच्या मुळाशी राहणारा बारीक किडा, तो दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही, त्यासाठी पिल्लू घराबाहेर काढू नका. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी चावत बसलंय तर आधी पिसवा शोधा. पावसात पंजाची बेचकी लाल आणि कानाला आंबूस वास, ते बहुतेक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. गोल चट्टा दिसला तर मेडिकलमधून स्वतःची क्रीम आणून चोपडू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर नायटा वरून बरा दिसतो आणि आतून पसरतो. आणि गोठ्यातलं उरलेलं आयव्हरमेक्टिन, म्हणजे गुरांचं जंत-गोचिडांवरचं औषध, तर अजिबात टोचू नका, कोलीसारख्या कुत्र्यांच्या जातींना जिवावर बेततं.

तर दर रविवारी सकाळी ८ ते ११ तालमीच्या मागच्या शेडमध्ये तपासणी ठेवलीय. डॉक्टर फी घेत नाहीत पण औषध काही फुकट येत नाही, आणि पिसवा-गोचीड-लुतीवरच्या गोळ्या वजनावर असतात, मोठ्या कुत्र्याची महागच पडते. ज्याला परवडत नाही त्याच्या कुत्र्यासाठी एक गोळी दिलीत तरी खूप झालं. शिवाय क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) शाम्पू, हातमोजे, जुन्या सुती चादरी, मोठा टब पाहिजे. गूळवाल्यांपैकी कुणाचा काटा रिकामा असेल तर द्या, सध्या आमचा पैलवान कुत्रं उचलून घरच्या काट्यावर उभा राहतो आणि मग स्वतःचं वजन वजा करतो, आणि त्याचं स्वतःचं वजन दर वेळी वेगळंच भरतं.

आणि हात पाहिजेत. शाम्पूचा फेस दहा मिनिटं अंगावर राहायला लागतो, तेवढा वेळ ओलं कुत्रं धरून ठेवणं एकट्याचं काम नाही. लुतीचं औषध एकदा देऊन भागत नाही, डॉक्टर सांगतील त्या तारखेला परत आणायचंच.

वस्तू संध्याकाळी तालमीत आणून द्या, पावती मिळेल. येताना कुत्र्याला दोरी किंवा पट्टा नक्की बांधा, मागच्या रविवारी एक पॉमेरेनियन थेट आखाड्यातच घुसलं. आणि तो लॅब्रॅडोर ज्यांचा असेल त्यांनी न्यायला या, कुणी काही बोलणार नाही.