ठेव मोडू नका: पहिल्या ३७ दिवसांचा हिशेब

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, ठेव मोडून ५०,००० देतो म्हणालात, ते राहू दे. मुदतीआधी मोडली की जितके दिवस पैसे ठेवले तेवढ्याच दिवसांच्या दराने व्याज मिळतं, आणि त्यातूनही बँक दंड कापते. नोकरीसाठी भाड्याच्या खोलीत राहायला जाताना मला लागणार आहेत १०,००० आणि तेही उसने. आकडा कुठून आला ते सविस्तर लिहिते, म्हणजे फोनवर रोज ‘पुरतात मगो?’ विचारावं लागणार नाही.

पगार १८,०००. त्यातला मूळ पगार १२,०००. त्यावर १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, म्हणजे १,४४० कापले जातील. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) पाऊण टक्का संपूर्ण पगारावर, ते १३५. हातात १६,४२५ येतील. भाडं ५,५००, जेवण ४,०००, गॅस ६००, वीज ४००, फोन ३००, घरी वाळपईला दोन फेऱ्या धरून बसभाडं ८००, साबण-औषधं वगैरे ७००. एकूण १२,३००. म्हणजे महिन्याचं गणित बसतं. न बसणारं गणित आहे ते पहिल्या महिन्याचं, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते.

कामावर १ नोव्हेंबरला रुजू व्हायचं, पण नोव्हेंबरचा पगार ७ डिसेंबरपर्यंत येणार. त्याआधी घरमालकाला दोन महिन्यांची अनामत ११,००० आणि चालू महिन्याचं ५,५०० द्यायचं, झाले १६,५००. एका महिन्याचा अख्खा पगार तिथेच गेला, आणि खोलीत अजून बादलीसुद्धा नाही. दलालामार्फत घेतली तर आणखी एक भाडं. म्हणून दलाल नको. मडगावजवळ नुवे, राय भागात वाण्याच्या दुकानात आणि कंपनीच्या बसचालकाकडे विचारलं की रिकाम्या खोल्या कळतात. शिवाय १ डिसेंबरला दुसरं भाडं उभं, पगाराच्या सहा दिवस आधी. हे टाळायला एकच गोष्ट करायची: करारात भाड्याची तारीख १० लिहून घ्यायची. अनामत कमी करायला मालक सहसा राजी होत नाही, तारीख बदलायला होतो.

तर ३७ दिवसांचे असे: अनामत आणि पहिलं भाडं १६,५००, जेवण ५,०००, सामान ७,०००, मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स मिळून १,०००. झाले २९,५००. माझ्याकडे २०,००० आहेत. कमी पडतात ९,५००, ते १०,००० धरू. जानेवारीपासून दर महिन्याला १,००० परत करीन, बाबांच्या खात्यात, १० तारखेला. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २,००० येतात ते तुमच्या औषधांचे आहेत, त्यांतून काही पाठवायचं नाही.

करार अकरा महिन्यांचा. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, म्हणून सगळे अकरावर थांबतात. मला अकरा चालतील, पण त्याहून कमी नको. कोलवा-बाणावली बाजूला जूनमध्ये खोली स्वस्त मिळते आणि ऑक्टोबरात पर्यटक यायला लागले की ‘रिकामी करा’ येतं. समुद्र जवळ असण्यापेक्षा कंपनीच्या बसचा थांबा चालत दहा मिनिटांवर असणं महत्त्वाचं. खाजगी बसगाड्या आठ-साडेआठनंतर विरळ होतात, आणि रोज पायलट (मोटरसायकल टॅक्सी) केला तर बसभाड्याचे ८०० आठवड्यात संपतील.

करारात चार गोष्टी पाहायच्या: अनामत किती दिवसांत परत, सोडताना किती दिवस आधी कळवायचं, रंगकाम कोणाचं, वीज कोणत्या दराने. पैसे रोख देणार नाही, बँकेतून, म्हणजे नोंद राहते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. ते काम मालकाचं, पण शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे हवी. मालक ‘कशाला गो एवढं?’ म्हणाला तर खोलीचा विचार सोडायचा.

खोली बघताना पावसाळा संपलेला असतो, हीच अडचण. ऑक्टोबरात सगळ्या भिंती शहाण्या दिसतात. खालच्या दोन-तीन फुटांवर लोणा धरलाय का, म्हणजे पांढरी भुकटी आणि पापुद्रे, ते हात फिरवून बघायचं. भिंतीचा फक्त खालचा भागच नुकता रंगवलेला असेल तर लोणाच झाकलेला असतो. कपाट उघडून वास घ्यायचा. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त भिजते; पलंग आणि कपडे त्या भिंतीला लावायचे नाहीत. चिऱ्याची भिंत पाणी ओढते, गिलावा फुटलेला असेल तर आणखीनच. तळमजला दमट, वरचा मजला स्लॅबखाली एप्रिल-मेमध्ये भट्टी. मधला मिळाला तर उत्तम, कौलारू घर मिळालं तर कौलं हललेली नाहीत ना ते बघायचं. पाण्याचं विचारायचं: नळ किती वाजता येतो, टाकी किती जणांत. दक्षिण गोव्याला साळावली धरणाचं पाणी असलं तरी मालकाची टाकी छोटी असेल तर साळावली काय करणार!

गादी काथ्याची घेईन, चार इंची. कापसाची ओल धरते, आणि जमिनीवर टाकली तर जुलैत खालच्या बाजूने बुरशी येते, काथ्याचीसुद्धा. म्हणून लोखंडी खाट आधी आणि गादी मग. खाट जुनी चालते, गादी जुनी कधीच घेऊ नये. ढेकूण आले की खोलीभर होतात.

स्वयंपाक ५ किलोच्या सिलिंडरवर. ते ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही, त्यामुळे भाडेकरूला सोयीचं. अनुदान मात्र नसतं. दिवसाला दीड तास छोटा बर्नर चालला तर साधारण २०० ग्रॅम जातात, म्हणजे २५ दिवस. उकडे तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळापेक्षा जास्त वेळ शिजतात, ते दोन तास भिजवून कुकरला लावले की महिना निघतो. इंडक्शन घ्यायचा सल्ला मामाने दिला, पण भाड्याच्या खोल्यांत स्वयंपाकाच्या ओट्यावर बहुधा ६ ॲम्पिअरचाच पॉईंट असतो. २,००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ ॲम्पिअर ओढते. पहिल्या दिवशी चालते, तिसऱ्या आठवड्यात पॉईंट काळा पडतो. १६ ॲम्पिअरचा जाड पॉईंट आणि अर्थिंग असेल तरच.

आंघोळीला १,५०० वॅटचा रॉड. १५ लिटर पाणी पंचवीसवरून पंचेचाळीस अंशांवर यायला पाऊण-एक नव्हे, ०.३५ युनिट लागतं, चौदा-पंधरा मिनिटांत. बादली प्लास्टिकची, आधी पाण्यात रॉड, मग बटण. बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. आई, हा मुद्दा दोनदा लिहिलाय असं समज. ७५ वॅटचा जुना पंखा दहा तास चालला तर ०.७५ युनिट, महिन्याला साडेबावीस. दिवे, फोन, रॉड धरून चाळीस युनिट. मालकाच्या छोट्या मीटरचा दर आठ रुपये ठरला तर ३२०. चारशे धरलेत. पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढून मालकाला पाठवायचा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे युनिट आपल्या नावावर येतात.

सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) येतो, तेव्हा न्याहारीला पोई किंवा उंडो, म्हणजे पावच. फ्रीज नसेल. नारळ फोडला की डोळे असलेली कवड आधी संपवायची, ती लवकर खराब होते. दुसरी दोन दिवस टिकते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात आणि मासळी महागते, तेव्हा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचा विचार मे महिन्यात करू. पण आई, घरी करतेस त्या मापाने नको. दमट खोलीत १० किलो तांदळात जुलैत पोरकिडे होतात. दोन किलो तांदूळ, पाव किलो गालमो (सुकी बारीक कोळंबी), सोलं आणि सुक्या मिरच्या, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत. सुके बांगडे पाठवलेस तर शेजाऱ्यांची समजूत काढावी लागेल, त्यामुळे चार पुरे.

आता घरातलं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (राज्याचा आरोग्य विमा) कार्डावरून माझं नाव काढायची घाई करू नका. चार किंवा जास्त जणांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांचं संरक्षण आहे, तीन किंवा कमी असले की अडीच लाख. आपण चार आहोत. ईएसआयचं कार्ड आलं की मडगावच्या ईएसआय इस्पितळात मला उपचार मिळतील, आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांची नावंही त्यात घालता येतात, ठरावीक उत्पन्नाच्या आत असतील तर. बाबांच्या ठेवीचं व्याज धरून ते तपासायचंय. त्यासाठी पासबुकाच्या पानांचा फोटो पाठवा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले घरीच कपाटात राहतील, इकडे झेरॉक्स आणि डिजिलॉकर. रहिवासी दाखल्याची काळजी नको, राहणार गोव्यातच आहे.

भाडं, जेवण सगळं जाऊन ४,१२५ उरतात. तुमचे १,००० आणि २,००० पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, पगार आल्याच्या दुसऱ्या दिवशी. उरलेले १,१२५ मोकळे ठेवते, कारण कुठल्यातरी महिन्यात चप्पल तुटते किंवा दात दुखतो. तीन महिन्यांचा खर्च, ३६,९००, जमायला दीड वर्ष लागेल. तोवर मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपला हात लावणार नाही. आधी तुम्हाला फोन.

घरी परतायचं झालं तर अनामत परत मिळेल, खाट विकता येईल, पण काथ्याच्या गादीचे, मुद्रांकाचे आणि सूचना न देता सोडल्यास एका भाड्याचे पैसे बुडतील. नऊ-दहा हजारांचा धोका आहे. तो मी धरून चाललेय.

तुमची,
बायो

ता. क. माळ्यावरचा तीन लिटरचा कुकर पाठवा, नवा घेऊ नका. रबर मात्र मी इथे नवीन घेईन, जुनं कडक झालंय, वाफ बाजूने जाते आणि शिट्टीच होत नाही. शिट्टी वेगळी कागदात बांधा, सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट आहे का तेवढं बाबांनी बघावं.